नव्याच्या सणानंतरच्या शब्बाथासाठी गोल खल्ला

'खल्ला' म्हणताना पहिला 'ख' घशातून खरवडून काढायचा असतो. मराठीत काहीजण 'हल्ला' लिहितात, पण मग टेबलावर भलतंच काहीतरी येईल. अंडी, तेल आणि थोडा मध घालून, वेणीसारखे पेड घालून विणलेला हा पाव शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथाच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) जेवणाला लागतो, आणि दोन लागतात. वाळवंटात इस्राएली लोकांना शुक्रवारी मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दुप्पट मिळत असे, त्याची ही आठवण. पावांवर झाकतात ते फडकं म्हणजे मान्न्यावरचं दव.

हा लेख एका विशिष्ट शब्बाथाचा आहे. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) यांच्यामध्ये जो शनिवार येतो त्याला शब्बात शुवा म्हणतात, म्हणजे परत फिरण्याचा शब्बाथ. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या मराठीत सांगायचं तर नव्याचा सण होऊन गेलेला, दारफळणीचा सण यायचा, त्यामधला शनिवार. 2026 साली तो 19 सप्टेंबरला आहे, म्हणजे भट्टी लागेल 18 तारखेच्या शुक्रवारी. या दिवसांत खल्ला लांबट वेणीचा न करता गोल करतात, कारण वर्ष फिरून पुन्हा सुरू झालेलं असतं. त्यात बेदाणे घालतात आणि तुकडा मधात बुडवून खातात. आणखी एक गोष्ट आहे: एरवी बेकरीचा पाव चालवून घेणारी ज्यू घरंसुद्धा रोश हशाना ते योम किप्पूर या दहा दिवसांत शक्यतो ज्यू हाताने भाजलेलाच पाव खातात, निदान भट्टी तरी ज्यू माणसाने पेटवलेली असावी असं पाहतात. त्यामुळे एरवी पाव घरी न करणारेही या आठवड्यात परात काढतात.

खल्ला मूळचा मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंचा. कोकणच्या स्वयंपाकघरात तो नव्हता, पण ओटीजी आणि कोरडं यीस्ट घरात असेल तर अलिबागलाही तो तेवढाच चांगला होतो. विणायची भीती बाळगू नका. गोल खल्ला फसतो तो विणीत क्वचितच. तो फसतो मधोमध, कच्चा राहून.

साहित्य (सहाशे ते सातशे ग्रॅमचे दोन पाव)

मैदा 700 ग्रॅम
पाणी 260 मिली (त्यातलं 30 मिली मागे ठेवायचं)
अंडी 2 पूर्ण, शिवाय 2 अंड्यांचे फक्त बलक
मध 80 ग्रॅम, म्हणजे साधारण 4 मोठे चमचे
सूर्यफुलाचं तेल 80 ग्रॅम
बारीक मीठ 12 ग्रॅम, सपाट 2 लहान चमचे
इन्स्टंट कोरडं यीस्ट 7 ग्रॅम, सपाट सव्वादोन लहान चमचे
बेदाणे 120 ग्रॅम, नको असतील तर वगळा
वरून लावायला 1 अंडं, चिमूटभर मीठ, चमचाभर पाणी, आणि तीळ किंवा खसखस

वजनकाटा वापरा. वाटीने मैदा मोजला तर एकच वाटी कधी 110 ग्रॅमची भरते, कधी 140 ची, आणि मग 'यावेळी पीठ सैल का झालं' याला उत्तर नसतं.

मैदा घेताना पाकिटामागचा तक्ता वाचा. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 11 ग्रॅम किंवा जास्त असतील तो घ्या. सुट्टा मैदा बऱ्याचदा शंकरपाळ्यांना उत्तम आणि पावाला कमजोर असतो. तोच असेल तर 10 ग्रॅम गव्हाचं ग्लुटेन मिसळा. कणीक घालायचीच असेल तर 700 पैकी 150 ग्रॅमच्या वर जाऊ नका. जात्यावरची कणीक पाणी जास्त पिते आणि तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो, पाव बुटका राहतो. मैदा बारीक चाळणीने चाळून घ्यायचाच. पावसाळ्याच्या शेवटी पिठात पोरकिडे आणि जाळी असण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि ज्यू आहारनियमांत किडा चालत नाही.

अंडी थेट परातीत फोडू नका. एकेक अंडं काचेच्या ग्लासात फोडून पाहायचं आणि रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यायचं. दूध आणि लोणी या पावात घालत नाहीत, कारण जेवणात मटण किंवा कोंबडी असते आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. बेने इस्रायली घरांत याच कारणासाठी नारळाचं दूध वापरलं जातं. इथेही 100 मिली पाण्याऐवजी तेवढंच नारळाचं घट्ट दूध घालून तेल 60 ग्रॅमवर आणता येतं. मात्र ते पीठ रात्रभर ठेवू नका, नारळाला वास येतो.

गोडव्याबद्दल एक सूचना. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या, परंपरेत पावाचा गोडवा जिभेला स्पष्ट जाणवला तर तो पाव न राहता केकच्या वर्गात जातो आणि त्यावर म्हणायची प्रार्थना बदलते. बेने इस्रायली सिनगॉगची (प्रार्थनास्थळाची) रीत बहुतांशी सेफार्दी असल्याने अशा घरांत मध 30 ग्रॅमवर आणून पाणी 15 मिलीने वाढवतात. आपल्याकडे कोणती रीत आहे ते हझानांना, म्हणजे सिनगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधीच विचारून घ्यावं.

मळणं

यीस्ट जुनं असेल तर आधी तपासा: 50 मिली कोमट पाणी (260 मधलंच), चिमूट साखर, त्यात यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस धरला पाहिजे. नाही धरला तर तिथेच थांबा, पुढे जाऊन उपयोग नाही. बोट बुडवल्यावर गरम लागणारं पाणी यीस्टला मारतं. मुंबईच्या सप्टेंबरात नळाचं पाणी जसं येतं तसंच चालतं.

परातीत मैदा, मीठ आणि यीस्ट कोरडंच एकत्र करा. मध्ये खळगा करून पाणी, अंडी, बलक आणि मध घाला. तेल अजून नको. सुरुवातीलाच तेल घातलं तर ते पिठाच्या कणांवर चढतं आणि ग्लुटेन जुळायला फार वेळ घेतं. ओबडधोबड गोळा झाला की झाकून 20 मिनिटं ठेवा. या वेळात पीठ आपणहून पाणी पितं आणि पुढची निम्मी मेहनत वाचते.

आता तेल तीन हप्त्यांत घालत मळा. पहिल्या दोन मिनिटांत गोळा घसरेल, तुटेल, परातीत तेल दिसेल. घाबरून पीठ घालू नका, मळत राहा, ते परत जुळून येतं. पोळ्यांची कणीक मळतो तसं मुठीने दाबत बसण्याऐवजी तळहाताने गोळा पुढे ढकला, दुमडा, गोळा पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. हाताने 12 ते 15 मिनिटं लागतात. मागे ठेवलेलं पाणी गोळा कडक वाटला तरच चमच्याचमच्याने घाला. दमट हवेत मैदा आधीच ओलावा धरून असतो, तेव्हा ते बहुधा लागत नाही.

झालं की नाही हे पाहायला लिंबाएवढा तुकडा तोडा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पापुद्रा इतका पातळ झाला पाहिजे की खिडकीकडे धरल्यावर मागच्या बोटाची सावली दिसेल, आणि तो फाटू नये. फाटला तर आणखी तीन मिनिटं मळा. गोळा कानाच्या पाळीएवढा मऊ असावा, बोटाला किंचित चिकटून लगेच सुटणारा. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट आणि पुरीच्या पिठापेक्षा सैल.

खल्ला हे नाव ज्यावरून पडलं तो विधी याच टप्प्यावर येतो. तोराह या ज्यू धर्मग्रंथात, त्यातल्या गणना पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात, मळलेल्या पिठातला वाटा बाजूला काढायला सांगितलंय. त्या वाट्याचं नाव खल्ला. आपलं पीठ 700 ग्रॅमचं आहे, एवढ्याला हा वाटा लागत नाही. साधारण 1.2 किलो पिठापासून तो काढतात, पण प्रार्थना न म्हणता. प्रार्थनेसह काढायला एका मताने 1.67 किलो आणि दुसऱ्या, कडक मताने 2.25 किलो पीठ असावं लागतं. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी मिळून करायचं असेल तर सगळे गोळे एका मोठ्या पातेल्यात एकत्र ठेवून वर एकच फडकं झाकलं की ते एक पीठ धरतात. मग ऑलिव्हएवढा, 30 ग्रॅमच्या आसपासचा तुकडा काढून फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि जाळून टाकायचा. तो खात नाहीत.

फुगवणं

गोळ्याला तेलाचा हात लावून मोठ्या पातेल्यात ठेवा, ताट झाका. 28 ते 30 अंशांच्या घरात सव्वा ते दीड तासात तो दुप्पट होतो. 'दुप्पट' हे नजरेला फसवतं, म्हणून सोपी युक्ती: उंड्यातला छोटा तुकडा सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, त्याच्या पातळीवर रबरबँड लावा. ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीला आलं की पातेल्यातलंही झालं. वेळ संपण्याची वाट पाहू नका, पीठ पाहा.

गुरुवारी रात्री मळून ठेवणं जास्त सोयीचं. अर्धा तास बाहेर, मग झाकून फ्रिजमध्ये 10 ते 14 तास. गार पीठ विणायलाही सोपं जातं, पेड लांबवताना चिकटत नाहीत आणि आकार धरून राहतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा.

पेड आणि वीण

बेदाणे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून, पंचावर कोरडे करून घ्या. ओले घातले तर पेड सुटतात.

पीठ तोलून (ते सव्वा किलोच्या आसपास भरेल) आठ सारखे भाग करा, प्रत्येकी 155 ग्रॅम. चार भागांचा एक पाव. नजरेने भाग केले तर एक पेड जाड आणि एक बारीक होतो, पाव एका अंगाला कलतो. प्रत्येक भाग पोळपाटावर लांबट लाटा, त्यावर बेदाणे पसरा, लांब कडेने घट्ट गुंडाळा आणि शिवण चिमटून बंद करा. बेदाणा बाहेर डोकावत असेल तर आत ढकला; बाहेर राहिलेला हमखास जळतो आणि कडू लागतो.

आता गुंडाळ्या ओट्यावर तळहातांनी वळत, मधून टोकांकडे जात, 40 सेंटिमीटर लांब करा. पिठी लावू नका. पिठी लावली की पेड घसरतो, वळला जात नाही, आणि विणीत पेड एकमेकांना धरत नाहीत. पेड रबरासारखा मागे येत असेल तर ओढाताण न करता झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा, तोवर पुढचा घ्या.

वीण अशी. बटर पेपरवर दोन पेड उभे ठेवा, मध्ये बोटभर अंतर. तिसरा पेड आडवा, वरच्या बाजूला: डाव्या उभ्यावरून आणि उजव्याखालून. चौथा त्याच्या खाली आडवा, उलटा: डाव्याखालून आणि उजव्यावरून. मधोमध चटईसारखा छोटा चौकोन दिसेल आणि चारही बाजूंना दोन-दोन टोकं. प्रत्येक जोडीकडे वाकून पाहा: एक टोक चौकोनाखालून बाहेर आलेलं असतं, एक वरून.

पहिली फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. प्रत्येक जोडीतलं खालून आलेलं टोक उचला आणि शेजारच्या टोकावरून टाका. वरच्या जोडीत ते डावं असतं, उजव्या जोडीत वरचं, खालच्या जोडीत उजवं, डाव्या जोडीत खालचं. चारही झाली की दुसरी फेरी उलट्या दिशेने: आता जी टोकं खाली दबली आहेत ती उचलून काट्याच्या उलट दिशेने शेजारच्या टोकावरून टाका. टोकं उरली असतील तर पुन्हा पहिल्या दिशेने. मग जी थोडी टोकं उरतील ती पावाखाली दुमडून सरकवा आणि दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरून गोल बसवा.

वीण सैल ठेवा. केसांची वेणी घट्ट घातली की छान दिसते, पण केस फुगत नाहीत. पेड भट्टीत दीडपट होतात. त्यांना जागा नसेल तर वीण फाटते.

हे डोक्यात बसत नसेल तर पहिल्या वेळी गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळी करा: चार भागांऐवजी एकच 80 सेंटिमीटरचा पेड, एक टोक जाड, त्याच्याभोवती उरलेला सैलसर गुंडाळायचा आणि शेवट खाली खुपसायचा. या सणाला तो आकारही तितकाच रूढ आहे.

पाव 20 सेंटिमीटरच्या केकच्या साच्यात, बटर पेपरसकट ठेवा. मोकळ्या ट्रेवर तो उंचीपेक्षा रुंदीला जास्त जातो. फेटलेल्या अंड्याचा पहिला हात आत्ताच द्या, त्याने वरचा भाग सुकत नाही. घरात छोटा ओटीजी असेल आणि एका वेळी एकच पाव मावत असेल तर दुसरा पाव विणल्याबरोबर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पहिला भाजून होईपर्यंत तो जास्त फुगणार नाही.

बाहेर ठेवलेल्या पावाला पुन्हा फुगायला 45 मिनिटं ते तास लागतो. बोटाने बाजूला हलकं दाबा. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश अर्धाच भरला तर भट्टीत जायची वेळ झाली. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, लगेच भाजा.

भाजणं

ओटीजी 180 अंशांवर 20 मिनिटं आधी तापवा, दोन्ही कांड्या चालू. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये 165. पाव सर्वांत खालच्या जाळीवर. अंड्याचा दुसरा हात द्या, यावेळी पेडांच्या खाचांत ब्रश नेऊन, पण खाचेत डबकं साचू देऊ नका. तिथे अंडं ऑम्लेटसारखं जमतं. तीळ किंवा खसखस टाका.

पहिली 15 मिनिटं 180. मग 165 वर उतरवा आणि आणखी 20 ते 23 मिनिटं. मध आणि अंड्यामुळे वरचा रंग विसाव्या मिनिटालाच पूर्ण तयार दिसतो, आणि नवखे लोक इथेच पाव बाहेर काढतात. गोल खल्ला मधोमध सर्वांत उंच असतो, तिथे उष्णता शेवटी पोचते. रंग आला की वर फॉइल सैल टाका आणि भाजू द्या. काडीसारखा थर्मामीटर असेल तर दोन पेडांच्या खाचेतून मध्यापर्यंत खुपसा: 88 ते 90 अंश झाले की बाहेर. थर्मामीटर नसेल तर खाचा बघा. पेडांचे उंचवटे तपकिरी आणि खाचा पांढुरक्या, ओलसर दिसत असतील तर आत कच्चं आहे. पाव उलटा करून तळाला टिचकी मारल्यावर रिकाम्या डब्यासारखा आवाज यावा असं सांगतात, पण तेल-अंड्याच्या पावात त्या आवाजावर एकट्यावर विसंबू नका.

साच्यातून काढून जाळीवर किमान तासभर गार करा. गरम कापला तर आतली वाफ निघून जाते आणि उरलेला पाव चिकट लागतो.

घड्याळ उलटं मोजायचं. शब्बाथ लागला की ओव्हन पेटवणं, पीठ मळणं सगळं बंद. मुंबईत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त साडेसहाच्या थोडा पुढे, आणि मेणबत्त्या त्याच्या 18 मिनिटं आधी लावतात, म्हणजे सहा-वीसच्या सुमारास. शुक्रवारीच मळणार असाल तर साडेदहाला परात घ्या: सव्वाअकरापर्यंत मळून होईल, पाऊणपर्यंत फुगेल, पावणेदोनला वीण पूर्ण, पावणेतीनला पहिला पाव भट्टीत, साडेतीनच्या आत दुसरा. चार-सव्वाचारला दोन्ही जाळीवर. मध्ये वीज गेली तर सावरायला हाताशी दोन तास असतात.

काय बिघडतं

विणीच्या खाचा फाटून पांढरा गर बाहेर आला: पाव कमी फुगलेला असताना भट्टीत गेला, किंवा वीण घट्ट होती. पहिलं कारण जास्त वेळा असतं.

पाव पसरट, वीण पुसट: जास्त फुगला, नाहीतर पीठ सैल होतं. विणताना पेड हातात लोंबत होते का, ते आठवा. लोंबत असतील तर पुढच्या वेळी पाणी 20 मिली कमी.

वरून काळपट, आतून चिकट: वरची कांडी जवळ होती किंवा तापमान जास्त. ओटीजीचा काटा 15-20 अंशांनी खोटं बोलणं नेहमीचं आहे, म्हणून आतल्या जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन-थर्मामीटर घ्या.

कोरडा, केकसारखा भुसभुशीत: मळताना हात चिकटतो म्हणून मूठ-मूठ मैदा घातला गेला. हाताला पीठ लावण्याऐवजी तेल लावा.

यीस्टचा आंबूस वास: उकाड्यात पीठ विसरलं गेलं. 32 अंशांच्या वर गेलेल्या दिवशी यीस्ट 5 ग्रॅम पुरतं.

जेवणाच्या वेळी दोन्ही पाव एकत्र उचलून प्रार्थना म्हणतात, मग एक कापतात किंवा हातानेच तोडतात. एरवी तुकडा मिठात बुडवतात. या दिवसांत मधात, आणि बऱ्याच घरांत मीठही शेजारी असतं. दुसरा पाव शनिवारी सकाळी कामाला येतो, पण तेव्हाही टेबलावर दोन अखंड पाव लागतात. म्हणून पीठ विणताना 60-60 ग्रॅमचे दोन छोटे गोळे बाजूला काढून त्यांचे बनपाव भाजून ठेवा. ते 18 मिनिटांत होतात.